निकॉन २००-५०० एफ/५.६ : गरुडांपुरतं बोलायचं तर

सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या जाहिराती चाळायला घेतल्या की निकॉनची एएफ-एस २००-५०० मिमी एफ/५.६ ई ईडी व्हीआर हटकून समोर येते. लोक मिररलेसकडे वळतायत आणि जुना डीएसएलआर लेन्ससकट काढून टाकतायत. ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालेली ही लेन्स आज घ्यावी का, हे तुम्ही कोणत्या पक्ष्यांच्या मागे जाणार त्यावर ठरतं. शिक्रा, ससाणा, वेडा राघू, पाकोळ्या असं काही डोक्यात असेल तर नको. गरुडांसाठी असेल तर खुशाल घ्या.

या लेन्सच्या दोन खोडी सगळेच सांगतात: फोकस सावकाश होतो आणि झूम रिंग फार फिरवावी लागते. दोन्ही खऱ्या आहेत. पण गरुड सकाळचा बराच वेळ एका बाभळीवर काढतो, उठला तर गरम हवेच्या झोतावर गोल घिरट्या घेत चढतो, आणि हे सगळं तो आपल्यापासून बराच लांब करतो. दहा मीटरवर अंगावर येणाऱ्या ससाण्याच्या मागे फोकसला धावावं लागतं. शंभर मीटरवर घिरट्या घालणाऱ्या गरुडासाठी फोकसचे भिंग जेमतेम हलतं. त्यामुळे या लेन्सची कमजोरी इथे फारशी उघडी पडत नाही आणि जमेची बाजू, म्हणजे ५०० मिमीला मिळणारा तपशील, पूर्ण वापरता येतो.

लेन्सचं वजन कॉलरसकट (ट्रायपॉडवर बसवायचं कडं) २३०० ग्रॅम, फिल्टरचं माप ९५ मिमी, मिटलेली लांबी साधारण २६८ मिमी. १२ गटांत १९ भिंगं आहेत, त्यातली ३ ईडी (कडेच्या रंगीत रेघा कमी करणाऱ्या) काचेची. २०० पासून ५०० पर्यंत अॅपर्चर एफ/५.६ च राहतं. या वर्गातल्या बहुतेक झूम लेन्स शेवटाला एफ/६.३ वर जातात. फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे आयएसओ ४००० ऐवजी ३२०० इतकाच, पण डीएसएलआरच्या फोकस सेन्सरला मिळणारा उजेड पहाटे मोलाचा असतो. नावातल्या 'ई'कडे मात्र दुर्लक्ष करू नका. अॅपर्चर विजेवर चालतं, त्यामुळे डी९०, डी२००, डी३००० अशा जुन्या बॉडींवरून ते बदलता येत नाही. डी७०००, डी३१०० आणि त्यानंतरच्या बॉडींवर अडचण नाही. निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यांवर जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अॅडॅप्टर लावला की ऑटोफोकस आणि व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) दोन्ही नीट चालतात.

किती लांबून काय मिळतं

डी५०० किंवा डी७५०० चा डीएक्स (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सर २३.५ मिमी रुंद आहे आणि त्या रुंदीत ५५६८ पिक्सेल आहेत. ५०० मिमीला १०० मीटरवरची वस्तू सेन्सरवर २०० पट लहान होऊन पडते. म्हणजे चौकटीत ४.७ मीटर रुंद आणि ३.१ मीटर उंच एवढाच तुकडा येतो. पिंगट गरुड चोचीपासून शेपटीपर्यंत ६५ सेमी धरला, तर १०० मीटरवर तो साधारण ७७० पिक्सेल व्यापतो. ५० मीटरवर १५४०, २०० मीटरवर जेमतेम ३८५. पंख पसरून आडवा गेला आणि पंखविस्तार पावणेदोन मीटर धरला, तर १०० मीटरवर २०७० पिक्सेल, म्हणजे चौकटीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग.

बसलेला पक्षी १५०० पिक्सेलच्या पुढे गेला की मानेवरची पिसं सुटी दिसतात आणि मोठी प्रिंट काढता येते. ७०० ते ८०० मध्ये फोटो मोबाइलवर छान दिसतो आणि ओळख पटवता येते. ओळखीचा मुद्दा गरुडांच्या बाबतीत मोठा आहे. हिवाळ्यात माळावर पिंगट आणि स्टेपी गरुड शेजारी शेजारी बसलेले मिळू शकतात, आणि रंगावर विसंबलं तर फसगत ठरलेली, कारण दोघांतही फिकट-गडद छटा भरपूर. बघायची ती चोचीच्या कडेची पिवळी जिवणी. ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचत असेल तर स्टेपी, डोळ्याच्या मध्यावर संपत असेल तर पिंगट. हे कळायला डोकं निदान शंभरेक पिक्सेलचं हवं. या लेन्सवर डीएक्स बॉडीने ही मर्यादा साधारण १०० मीटरवर येते. त्यापुढे फोटो 'गरुड होता' एवढीच साक्ष देतो.

फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरची बॉडी) घेतली तर? २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर तोच गरुड १०० मीटरवर साधारण ५४० पिक्सेलचा होतो. ४५ मेगापिक्सेलच्या डी८५० किंवा झेड८ वर ७५०, म्हणजे डी५०० च्याच जवळपास. लांबच्या गरुडासाठीच घेत असाल तर फुलफ्रेमवर जादा पैसे घालून पक्ष्याचा तपशील वाढत नाही. पार्श्वभूमीला जागा मिळते, अंधारात आयएसओ सोसतो, एवढंच.

धारदारपणा आणि हवा

५०० मिमीला, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून ही लेन्स मध्यभागी चांगली धारदार आहे. एफ/७.१ वर आणखी थोडी सुधारते, एफ/८ च्या पुढे काही हाती लागत नाही. कोपरे मऊ असतात, पण गरुड कोपऱ्यात ठेवतो कोण. उजळ आकाशासमोर काळसर पंखांच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ दिसलीच तर रॉ प्रोसेसिंगमध्ये एका टिचकीने जाते.

तरीही 'माझी लेन्स ५०० ला मऊ आहे' ही तक्रार कायम ऐकू येते, आणि पुष्कळदा दोष लेन्सचा नसतो. जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलते, आणि १०० मीटरच्या हवेच्या थरातून काढलेला फोटो कोणत्याही लेन्सने मऊच येतो. डेक्कनच्या माळावर जानेवारीतसुद्धा सकाळी साडेनऊ-दहानंतर हे सुरू होतं. मार्चमध्ये त्याहून लवकर. लेन्स जितकी लांब तितका हा दोष मोठा दिसतो.

कारण शोधायची पद्धत सोपी आहे. एकाच बसलेल्या पक्ष्याचे सलग दहा फोटो घ्या आणि शंभर टक्के आकारात शेजारी ठेवून बघा. प्रत्येक फोटोत वेगळीच जागा मऊ असेल, फांदीची सरळ कड कधी इकडे कधी तिकडे वाकलेली दिसत असेल, तर ती हवा. सगळ्या फोटोंत एकाच दिशेने ओघळ असेल तर हात हलला किंवा शटर कमी पडलं. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत टोकदार असेल तर फोकस चुकला. ५०० मिमी, एफ/५.६ ला डीएक्सवर ५० मीटरवर फोकसची खोली (पुढे-मागे जेवढा भाग धारदार दिसतो तो) साधारण सव्वादोन मीटर असते आणि २० मीटरवर ३५ सेंटीमीटरच्या आसपास. त्यामुळे लांबच्या पक्ष्यावर किंचित फोकस चुकला तरी तो सहसा खपून जातो. ५० मीटरच्या पुढचा फोटो मऊ आला तर आधी हवेवर संशय घ्यावा, मग शटरवर, आणि शेवटी लेन्सवर.

हवेवर इलाज नाही, पण काही गोष्टी टाळता येतात. गाडीतून फोटो काढताना एसी चालू ठेवून काच खाली केली, की आतली थंड आणि बाहेरची गरम हवा बरोबर लेन्सच्या तोंडाशी मिसळते. एसी दहा मिनिटं आधी बंद करा. बॉनेटवरून तिरका नेम धरू नका, इंजिनची उष्णता तिथेच वर येते. इंजिन तर बंदच हवं, कारण त्याची थरथर बीनबॅगमधून (लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी) सरळ लेन्समध्ये येते. डांबरी रस्त्यापलीकडचा पक्षी असेल तर गवताच्या बाजूने कोन मिळतो का बघा. आणि झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी जमिनीवर बसलेल्या पक्ष्यापेक्षा नेहमी स्वच्छ येतो, अंतर तेवढंच असलं तरी.

डीएसएलआरवर लेन्स खरोखरच पुढे-मागे फोकस करत असेल तर फाइन ट्यून (फोकसची ठरावीक चूक कॅमेऱ्यात भरून काढणं) करून घ्या. डी५०० वर ते कॅमेरा स्वतः करतो: ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यू, वीसेक मीटरवर भिंतीला सपाट लावलेला ठळक छपाईचा कागद, ५०० मिमी, एफ/५.६, फोकस जुळवायचा, मग फोकस मोडचं बटण आणि व्हिडिओचं बटण एकत्र दोन सेकंदांहून जास्त दाबून धरायचं. दर खेपेला आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून पाच-सहा वेळा करून मधला आकडा ठेवावा. झूम लेन्ससाठी एकच आकडा साठवता येतो, तो ५०० चाच ठेवा. २०० ला गरुड काढायची वेळ येत नाही.

फोकस : बसलेला, घिरट्या घेणारा, उठणारा

लेन्सवर फोकस मर्यादेचा खटका आहे. तो 'फुल'वरून '∞-६ मीटर'वर टाका आणि विसरून जा. ही लेन्स फोकस हुकल्यावर जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते आणि त्यात पक्षी निघून जातो. खटक्याने हा फेरा लहान होतो. दुसरी सवय म्हणजे पक्षी दिसायच्या आधीच साधारण त्याच अंतरावरच्या झाडावर फोकस लावून ठेवायचा. आकाशात नेम धरल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये निदान काळा ठिपका तरी दिसला पाहिजे. तोही नसेल तर फोकस कुठे धावेल ते सांगता येत नाही.

बसलेल्या पक्ष्यासाठी एकच फोकस बिंदू, डोळ्यावर. गरुडाच्या भुवईचं हाड पुढे आलेलं असतं आणि वरून ऊन असेल तर डोळा त्या सावलीत बुडतो. अशा वेळी बिंदू चोचीच्या बुडाशी, पिवळ्या भागावर ठेवला तर चटकन पकडतो. इतक्या अंतरावर डोळा आणि चोच एकाच फोकसमध्ये असतात. उडत्या पक्ष्यासाठी निळ्या आकाशावर ग्रुप एरिया (काही फोकस बिंदू एकत्र वापरणारा मोड) उत्तम चालतो. डी७२०० मध्ये तो नाही, तिथे डी९ किंवा डी२१ (९ किंवा २१ बिंदूंचे फोकस मोड) वापरा. तोच गरुड खाली उतरून डोंगराच्या किंवा झाडीच्या पुढून जाऊ लागला की ग्रुप एरिया मागच्या झाडीला धरतो. तिथे एक बिंदू किंवा लहान गट, आणि मेन्यूत फोकस लॉक-ऑन (मध्ये दुसरं काही आलं तर फोकस किती वेळाने बदलायचा ते) उशिराकडे.

झेड५०-२ किंवा झेड८ सारख्या बॉडीवर पक्षी ओळखणारा ऑटोफोकस एफटीझेडमार्गेही चालतो, आणि या जुन्या लेन्सला जणू नवं आयुष्य मिळतं. डोळा शोधायचं काम बॉडी करते. फक्त भिंगं हलवणारी मोटर तीच जुनी, त्यामुळे पहिली पकड सावकाशच राहते.

शटरचे आकडे. शांत बसलेला गरुड, बीनबॅगवर: १/५०० पुरतं, वारा असेल तर १/८००. पंख ताठ धरून घिरट्या घेणारा: १/१६००. सापमार गरुड वाऱ्यावर एका जागी लटकतो तेव्हा पंखांची टोकं सतत फडफडतात; तिथे १/२०००. फांदीवरून उठतानाचा पहिला झपाटा: १/२५०० ते १/३२००, त्याखाली पंखांची टोकं पुसली जातात. अॅपर्चर उजेड असेल तर एफ/६.३ ते ७.१, नसेल तर सरळ ५.६. डीएक्सवर आयएसओची कमाल मर्यादा ३२०० ठेवावी. त्यापुढे गडद पिसांतला तपशील चिखलात जातो.

एक्स्पोजरसाठी ऑटो आयएसओ बसलेल्या पक्ष्याला ठीक. घिरट्यांना नको. गरुड एका फेरीत आकाश, ढग, डोंगर अशा तीन पार्श्वभूमींवरून जातो आणि कॅमेरा दर वेळी बिथरतो. पक्ष्यावरचं ऊन मात्र तेच असतं. तेव्हा सगळं मॅन्युअलवर, आयएसओसुद्धा ठरवून. अंदाजासाठी आकाशावर मीटर करून गडद पिंगट किंवा स्टेपी गरुडाला दीड स्टॉप वाढवा. सापमार गरुडाचं पोट पांढरं असतं, त्याला अर्धा ते पाऊण स्टॉप पुरे, नाहीतर पोटाची पिसं जळून सपाट पांढरी होतात. फोटो काढल्यावर हिस्टोग्राम पाहण्यापेक्षा पंखाच्या खालची बाजू मोठी करून बघावी.

व्हीआरचे दोन मोड आहेत. साडेचार स्टॉपचा निकॉनचा दावा नॉर्मल मोडचा, आणि बसलेल्या पक्ष्यावर तो पटतो: हात स्थिर असेल तर ५०० मिमीला १/१२५ लाही काही फोटो धारदार येतात. उडत्या पक्ष्याला स्पोर्ट मोड लावा. नॉर्मलमध्ये कॅमेरा फिरवताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मागे राहून मग उडी मारतं. भिगवणला बोटीतून ठिपकेवाला गरुड टिपायचा असेल किंवा कोकणात खाडीत समुद्र गरुडाच्या मागे असाल तरीही स्पोर्टच. बटण अर्धं दाबल्यावर अर्धा सेकंद थांबा, चित्र स्थिरावू द्या, मग फोटो. हा अर्धा सेकंद न दिल्यामुळे व्हीआर असूनही पहिला फोटो हललेला येतो.

हातात घेतल्यावर

डी५०० बॅटरीसह ८६० ग्रॅम, म्हणजे एकूण सव्वातीन किलोच्या जवळपास. दहा मिनिटं हातात धरता येते, तासभर नाही. झूम करताना पुढची नळी बाहेर येते आणि तोल पुढे जातो. २०० ते ५०० जायला मनगटाचा एक पीळ पुरत नाही, पकड बदलावी लागते. गरुडांसाठी उपाय सोपा: लेन्स ५०० वरच ठेवा. पक्षी हरवला तर ३०० पर्यंत मागे या, शोधा, परत पुढे जा. गळ्यात अडकवून चालताना नळी आपोआप घसरते, म्हणून २०० वर आणून कुलूप लावा.

हुड एचबी-७१ मोठा आणि हलका आहे, पण बसतो सैल. गाडीच्या काचेला घासला की फिरतो आणि झाडीत निघूनही पडतो. काळ्या चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. कॉलरचा पाय आर्का पद्धतीचा (ट्रायपॉडच्या खाचेत थेट सरकणारा) नाही. त्याला वेगळी प्लेट लावावी लागते, ती निदान ८० मिमी लांब हवी आणि दोन स्क्रूंनी बसणारी हवी, एका स्क्रूवर ती फिरते. गिंबलवर (जड लेन्स तोलून फिरवणारं ट्रायपॉडचं डोकं) तोल साधताना लेन्स ५०० पर्यंत उघडून मगच प्लेट पुढे-मागे करा. मिटलेल्या लेन्सवर साधलेला तोल उघडल्यावर नाकावर आपटतो.

खरं सांगायचं तर माळावरच्या गरुडांसाठी गिंबल म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिथलं बरंचसं काम गाडीतूनच होतं, कारण गरुड थांबलेली गाडी सोसतो आणि उतरलेला माणूस सोसत नाही. दारावर टाकायची दोन खणांची बीनबॅग पुरते. तिच्यात बाजरी किंवा तांदूळ, अडीच ते तीन किलो, आणि काठोकाठ नाही; तीन चतुर्थांश भरली तर लेन्स नीट रुतते. मूग, साबुदाणा यांचे दाणे फार घसरतात. थर्माकोलचे मणी हलके असतात पण लेन्सच्या वजनाखाली उसळतात. पावसाळ्यानंतर दाणे काढून उन्हात टाका, नाहीतर पोरकिडे पुढच्या सहलीत लेन्सवर फिरताना दिसतील.

पावसाच्या बाबतीत: ही लेन्स ओलीत वापरायला बनवलेली नाही आणि झूमची नळी आत-बाहेर होताना दमट हवा आणि धूळ ओढून घेते. कोकणात समुद्र गरुडांवर काम करून आल्यावर खारट थर ओलसर मऊ कापडाने त्याच दिवशी पुसा. नळी बाहेर काढून पुसायची, मिटलेली नाही.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून पोच वाढवणारं जोड-भिंग) लावावा का? निकॉनच्या टीसी-१४ई-३ ने ७०० मिमी एफ/८ होतं. डी५०० वर एफ/८ ला फक्त १५ फोकस बिंदू चालतात, डी७५०० वर एकच. मिररलेसवर हे बंधन नाही, पण एक स्टॉप उजेड जातो आणि पहिली पकड आणखी मंदावते. पहाटे, थंड हवेत, ६० मीटरवर बसलेल्या पक्ष्यासाठी चालेल. दहा वाजता दीडशे मीटरवर लावलात तर तापलेली हवाच मोठी करून घरी आणाल.

माळावर

लेन्स कुठे कमी पडते हे कळायला पक्षी कसा वागतो ते माहीत हवं. हिवाळ्यात सूर्योदयापासून साधारण नऊपर्यंत गरुड बसलेले असतात, कारण झोत सुरू झालेले नसतात. नऊ ते साडेदहा ते खालून घिरट्या घेत वर चढतात. उडत्या फोटोची हीच वेळ. त्यानंतर ते ठिपके होतात आणि कोणतीच लेन्स उपयोगाची नाही. उठताना गरुड वाऱ्याच्या तोंडाला उठतो. म्हणून वारा आपल्या पाठीवर येईल अशा बाजूला गाडी उभी केली तर तो आपल्या दिशेने उठतो. वारा समोरून असेल तर पाठमोरा फोटो ठरलेला. सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी मिळाले तर जागा सोडू नका.

उठण्याआधी तो सांगतो. पिसं साफ करणं थांबतं, मान उंच होते, अंग पुढे झुकतं, शेपटी उचलून शिटतो. शिटला की शटर १/३२०० वर आणि बोट बटणावर. मात्र हीच लक्षणं तुमच्यामुळे दिसत असतील, म्हणजे तो तुमच्याकडे टक लावून बघत मान ताणत असेल, तर गाडी पुढे घेऊ नका, मागे घ्या. इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळावर वनविभागाच्या सफारीत गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवावी लागते आणि ते बरंच आहे. तिथे ५० ते १२० मीटरची अंतरं नेहमीची, नेमकी या लेन्सची.

घरट्याचे फोटो काढू नका. पिंगट गरुड हिवाळ्यातच बाभळीच्या शेंड्यावर घरटं करतो, म्हणजे आपल्या फिरण्याच्या मोसमातच. मादी उठली की कावळे अंड्यांवर येतात. गरुड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, हे वेगळं सांगायला नको. नकळत काढलेल्या फोटोतून जीपीएसची नोंदही काढून टाका.

बाकीचे पर्याय

निकॉनचीच झेड १८०-६०० एफ/५.६-६.३ (२०२३) सगळ्या अर्थाने पुढची आहे: झूम आतल्या आत, तोल हलत नाही, ७० अंशांच्या पिळात पूर्ण झूम, फोकस चपळ. झेड बॉडी असेल आणि नवी घेण्याइतके पैसे असतील तर विचारही करू नका, तीच. पण ती डीएसएलआरवर लागत नाही. सोनीवाल्यांसाठी २००-६०० (२०१९) तशीच आतल्या झूमची आणि तितकीच भरवशाची. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी दोन किलोच्या आत आणि स्वस्त. ६०० ला एफ/६.३ आणि धार किंचित कमी, पण चालत जाणाऱ्यांना वजनाचा फरक जाणवतो. सह्याद्रीत सर्पगरुडासाठी घाट चढायचा असेल तर निकॉनची ५०० एफ/५.६ पीएफ (२०१८) फक्त १४६० ग्रॅमची आहे आणि फोकस कितीतरी जलद. किंमत मात्र वेगळ्याच घराची.

कूलपिक्स पी१००० चे ३००० मिमी ऐकून भुलणारे बरेच असतात. त्या आकड्याला अॅपर्चर एफ/८ आणि सेन्सर नखाएवढा. थंड सकाळी, स्थिर बसलेल्या पक्ष्याचा ओळखीपुरता फोटो लांबून मिळतो. उडता गरुड त्यावर सापडणं हा नशिबाचा भाग.

सेकंडहँड घेताना

दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी तुमची बॉडी घेऊन जा आणि उजेडात तपासा. झूम रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी जड लागली पाहिजे. मध्येच अडखळली तर आत वाळू आहे किंवा लेन्स पडलेली आहे. ५०० वर नळी बाहेर काढून पुढचं तोंड हलकेच हलवा. किंचित ढिलाई असतेच, पण टक असा आवाज येऊन हलली तर नको. पुढून आणि मागून टॉर्चचा उजेड टाकून आत बघा. धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत, ते सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा धुरकट डाग दिसले तर ती बुरशी. किनारपट्टीवरच्या आणि ड्राय बॉक्सशिवाय ठेवलेल्या लेन्सना ती धरते, आणि साफ केली तरी भिंगाच्या लेपावर खुणा उरतात.

व्हीआर लावून बटण अर्धं दाबा. बारीक घरघर ऐकू येईल आणि चित्र स्थिर होईल. सोडल्यावर थोड्या वेळाने टक होऊन बंद पडेल. हे सामान्य आहे. चित्र एका बाजूला सरकत राहिलं किंवा आचके देऊ लागलं तर व्हीआरचा भाग गेलेला आहे. मग ५०० वर, वीस मीटर आणि क्षितिज असं आलटून पालटून वीस-पंचवीस वेळा फोकस करायला लावा. आवाज मंद आणि सारखा हवा. मोटर चिरकली किंवा मध्येच थांबून परत सुरू झाली तर किंमत कितीही पाडून देत असला तरी उठा.

शेवटी एखादी पाटी किंवा विटांची भिंत ५०० मिमी, एफ/५.६ ला ट्रायपॉडवरून काढा आणि डावी-उजवी बाजू ताडून पाहा. एकच बाजू मऊ आली तर भिंगं सरकलेली आहेत. कॉलरचा स्क्रू, हुड आणि दोन्ही झाकणं मूळची आहेत का बघा. हुड नसेल तर तेवढे पैसे कमी करून घ्या, कारण ९५ मिमीच्या पुढच्या काचेला बाभळीच्या काट्यांपासून वाचवणारी तेवढीच गोष्ट आहे.